दात बघावे की चाल?

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, तेव्हा आमच्या धुळ्यातही बरीच हळहळ झाली. तसा धुळेकराचा त्या टॅक्सीशी संबंध तो किती? दादरला उतरायचं, पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर टेकायचं आणि मामाचं घर येईपर्यंत मीटरवरून नजर हलवायची नाही. पण गाडी गेली म्हटल्यावर माणसं गहिवरली. एका परिचिताने तर काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा फोटो स्टेटसला लावून खाली हात जोडले. हे गृहस्थ मुंबईत गेले की एसी गाडीशिवाय बसत नाहीत.

आम्हाला ही सवय जुनीच आहे. पाचोरा-जामनेरची नॅरोगेज रेल्वे 'पीजे' २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. तेव्हा सगळ्यात भरभरून बोलले ते, जे कित्येक वर्षं जामनेरला मोटारसायकलवर जात होते. रोज तिने जाणाऱ्यांना आठवणी काढायला वेळ नव्हता, त्यांना दुसऱ्या दिवशी पाचोऱ्याला पोचायचं होतं.

माझा हळहळीला विरोध नाही. पण आपण रडतो ते चुकीच्या मढ्यावर, असं मला वाटतं.

फियाटचंच बघा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. आधी तिथे डॉज, प्लायमाउथ, डिसोटो अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ पासून जी ११०० डिलाइट बनू लागली, तिलाच १९७४ मध्ये 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं. खानदेशात मात्र ती फियाटच राहिली. 'पद्मिनी' असं म्हणणारा माणूस मला इकडे अजून भेटायचा आहे. या गाडीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं आणि त्या दिवशी कुणी स्टेटस लावलं नाही, म्हणजे तेव्हा स्टेटस नव्हतंच, पण वर्तमानपत्रातही डोळ्यांत भरेल असं काही वाचल्याचं मला आठवत नाही. रडलो आपण तेवीस वर्षांनी, शेवटची टॅक्सी वयाची वीस वर्षं भरून नियमाने बाद झाली तेव्हा.

या मधल्या वीस-बावीस वर्षांत गाडी चालवली कुणी? कंपनीने तर हात काढून घेतले होते. कुर्ल्यातून नवा दरवाजा येणार नव्हता, नवा क्रँक येणार नव्हता. तरी मुंबईत त्या हजारोंनी धावल्या आणि धुळे, जळगाव, अमळनेर, शहाद्याच्या गल्ल्यांतूनही एक-एक, दोन-दोन टिकून राहिल्या. त्या टिकल्या त्या कुणाच्या जिवावर, हा माझा विषय.

त्याआधी एक कबुली द्यायला हवी. फियाटची आठवण ही सगळ्या खानदेशाची आठवण नाही. ती डॉक्टरांची, सराफांची, केळीच्या बागायतदारांची आठवण आहे. गावातल्या दहा घरांची म्हणा. बाकीच्यांना एसटी होती, आणि नंतर काळी-पिवळी जीप, जिच्यात ड्रायव्हर अर्धा बाहेर लटकून जीप चालवायचा आणि टपावरची माणसं तर मोजायचीच नसत. आमच्याकडे फियाट आली ती आप्पांमुळे, म्हणजे माझ्या थोरल्या काकांमुळे. कापसाच्या एका बऱ्या वर्षी त्यांनी जळगावच्या एका डॉक्टरांची वापरलेली गाडी घेतली. आखाजीला चुलतबहिणीला माहेरी आणायला त्याच गाडीने कन्नडला जायचं. चाळीसगाव सोडून घाट लागला की अर्ध्यात गाडी हमखास थांबणार. उन्हाने पेट्रोलची पंपातच वाफ व्हायची. मग आप्पा बॉनेट उघडत, पाण्यात पिळलेलं फडकं पंपावर ठेवत आणि आम्ही पोरं पळसाच्या सावलीला बसून दशम्या खात असू. फडकं वाळलं की गाडी चालू. कधी स्टिअरिंगपाशी असलेला गिअर अडकायचा. तो सोडवायलाही बॉनेटच उघडायचं आणि हाताने दांडी हलवायची. आप्पा सातवी शिकलेले होते. पण त्या गाडीत असं काहीही नव्हतं जे त्यांना समजत नव्हतं.

आता, ही गाडी चांगली होती का? नव्हती. हे स्पष्ट बोललं पाहिजे, कारण गहिवरात ते राहून जातं. घाटात जी सारखी उकळते आणि उतारावर जिचे ड्रम ब्रेक देवाच्या भरवशावर असतात, तिला चांगली गाडी म्हणत नाहीत. परवाना राजच्या काळात देशात कार बनवणारे मोजके, बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट बघायची आणि मिळेल ती गाडी मुकाट घ्यायची. ज्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही, तो गाडी कशाला सुधारेल? १९६४ चा पत्रा शेवटपर्यंत जवळजवळ तोच राहिला. अँबॅसिडरची कथा वेगळी नाही. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा साचा घेऊन पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला सुरू झालेली गाडी २०१४ पर्यंत त्याच अंगाने निघत राहिली. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली आणि गिऱ्हाइकाने जुन्या गाड्यांकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. त्यात गिऱ्हाइकाचा काही दोष नाही. कलेक्टरसाहेबांच्या पांढऱ्या अँबॅसिडरवरचा लाल दिवा आठवून ज्यांचे डोळे भरून येतात, त्यांनी ती गाडी स्वतःच्या पैशाने कधी घेतली होती का, हे त्यांना विचारून बघावं.

२४ मे २०१४ ला उत्तरपाड्याचं काम थांबवलं गेलं. तिथल्या कामगारांच्या घरी जे झालं असेल, त्यासाठी रडणं योग्यच आहे. पुढे २०१७ मध्ये 'अँबॅसिडर' हे नाव फ्रान्सच्या प्यूजो समूहाने ८० कोटी रुपयांना घेतलं. गाडी नाही, कारखाना नाही, नुसतं नाव! म्हणजे आठवणीला बाजारात काय भाव आहे ते आपल्याला नेमकं ठाऊक आहे. ती गाडी चालू ठेवण्याच्या विद्येला मात्र एक रुपयाही भाव नाही, आणि ती विद्या धुळ्यात चौफुलीवर बसलेली आहे.

धुळं हे दोन मोठ्या रस्त्यांच्या फुलीवरचं गाव. मुंबई-आग्रा इथून जातो, सुरत-नागपूर इथून जातो. ज्या गावावरून एवढे ट्रक जातात तिथे तुटकं-फुटकं काय काय येत असेल! त्यामुळे इथे पाटेवाले वेगळे, रेडिएटरवाले वेगळे, डेंटर वेगळे, सेल्फ-डायनॅमोचे वेगळे आणि मागच्या गल्लीत लेथवर बसलेला एक तरी माणूस असा, की त्याला झिजलेला भाग दाखवला तर तो संध्याकाळी तसाच नवा हातात देतो. हे सगळे उस्तादांच्या हाताखाली शिकले. दहाव्या-बाराव्या वर्षी पाने पुसायला लागायचं, चहा आणायचा, शिव्या खायच्या आणि पाच-सहा वर्षांनी एक दिवस उस्तादाने 'हेड खोल' म्हणायचं. ही शाळा वाईट होती, पोरांचं बालपण खाणारी होती. पण तिच्यातून जे शिकून बाहेर पडले, त्यांनी बंद पडलेल्या कंपन्यांच्या गाड्या तीस-तीस वर्षं चालवून दाखवल्या. पेट्रोल परवडेना तेव्हा अँबॅसिडरमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलं, तेही याच लोकांनी. कुठल्या नकाशावरून? कुठल्याच नाही.

आप्पांची फियाट आता माझ्याकडे आहे. तिचा मिस्तरी सत्तरीचा. मी एकदा त्याला म्हणालो, आता पुरे, मेली ही गाडी. तो बॉनेटमधून मान वरही न काढता म्हणाला, "गाडी मरस नही भाऊ, तिले मारतस."

हे वाक्य मला नीट कळलं ते पुतण्याच्या गाडीमुळे. पुतण्याने दहा-अकरा वर्षांपूर्वी हौसेने नवी गाडी घेतली. बनवणाऱ्या कंपनीने पुढे ते मॉडेल बंद केलं. गेल्या वर्षी डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला आणि दोन दिवसांनी गाडी चालू होईना. मिस्तरीने इंजिन तपासलं, काही दोष नाही. दोष निघाला इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यात. तो डबा नवा मिळेना. जुन्या गाडीतला काढून आणला तर तो या गाडीला ओळखेना, कारण ओळख पटवायचं सॉफ्टवेअर कंपनीकडे, आणि ते बाहेरच्या गॅरेजला मिळत नाही. सर्व्हिस सेंटरने आधी तीन आठवडे सांगितले, मग तीन महिने, मग फोन उचलणं बंद केलं. गाडी सध्या शेतावर लिंबाखाली उभी आहे. पत्रा चकचकीत, टायर नव्यासारखे, आत कोंबडी अंडी घालते. आणि तिच्या शेजारून पन्नाशीला टेकलेली फियाट धूर सोडत बाजाराला जाते.

आता सांगा, या दोघींतली मेलेली कोणती?

हा एकट्या पुतण्याच्या नशिबाचा प्रश्न असता तर मी लेख लिहिला नसता. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतात शेवरोले गाड्या विकणं थांबवलं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं. फियाटही गेलीच. जाताना कंपन्या सुटे भाग आणि सेवा चालू ठेवू असं सांगतात, पण ते किती वर्षं आणि कुठल्या गावापर्यंत, हे त्यांच्या सोयीवर. मुंबई-पुण्यातल्या माणसाला कदाचित मार्ग सापडेल. नंदुरबारमधल्या अक्कलकुव्याच्या माणसाने काय करायचं?

यावर देशात विचार झालाच नाही असंही नाही. उत्तरपाडा बंद पडल्यावर तीनच महिन्यांनी, २५ ऑगस्ट २०१४ ला, भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच, की कंपन्या अस्सल सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत. त्या चौदांत अँबॅसिडर बनवणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सचंही नाव होतं! पुढे अपिलं झाली, आकडे खाली आले, प्रकरणं लांबत गेली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' यावर समिती नेमली, पोर्टल काढलं. चांगलं केलं. पण पोर्टलवर कंपनीने माहिती टाकणं आणि कंपनीला ती द्यावीच लागणं, यांत जो फरक आहे तो लिंबाखाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं की कळतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्येच मतदान करून सांगितलं की गाडीची तपासणीची माहिती बाहेरच्या मिस्तऱ्यालाही मिळाली पाहिजे. युरोपात २०२१ पासून फ्रिज आणि वॉशिंग मशीन बनवणाऱ्यांना मॉडेल बंद झाल्यावरही ठरावीक वर्षं सुटे भाग पुरवावे लागतात. धुण्याच्या यंत्राला जे मिळतं, ते आपल्याकडे आठ लाखांच्या गाडीला मिळत नाही.

माझं म्हणणं असं, की कंपनीला गाडी बंद करायचा पूर्ण अधिकार असावा, पण ती बंद करताना कायद्याने काही गोष्टी मागे ठेवून जावं लागावं. शेवटची गाडी विकल्यापासून निदान पंधरा वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. दुरुस्तीचं पुस्तक आणि तपासणीचं सॉफ्टवेअर कुठल्याही नोंदणीकृत गॅरेजला वाजवी पैशात मिळालं पाहिजे. आणि ज्या दिवशी कंपनी सांगेल की आता हा भाग आम्ही बनवत नाही, त्या दिवसापासून त्याचं ड्रॉइंग सगळ्यांसाठी खुलं. मग जळगावच्या एमआयडीसीतला कारखानदार बनवेल, धुळ्याचा लेथवाला बनवेल. कंपन्या म्हणतील की याने बनावट माल वाढेल, खोट्या ब्रेकपॅडने माणसं मरतील. भीती खरी आहे. पण आज बाजारात खोटे भाग का विकले जातात? खऱ्याचा पत्ता नाही म्हणून.

आणि दुसरी बाजू आहे सरकारची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी ती वाढवून घ्यायची. कारच्या या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून थेट ५,००० झाली. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला ती १०,००० केली. वर पर्यावरण कर आहेच. गाडी धडधाकट असो की खिळखिळी, फी वयावर. दुसरीकडे जुलै २०२१ मध्ये केंद्राने 'व्हिंटेज' गाड्यांसाठी नियम केले, त्यात पन्नास वर्षांवरच्या गाडीला मान आहे, 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट आहे. म्हणजे पंधरा वर्षं झाली की गाडी भंगाराच्या वाटेवरची आणि पन्नास झाली की वारसा. मधली पस्तीस वर्षं तिने कुठे काढायची? २००० साली निघालेली फियाट २०५० मध्ये व्हिंटेज होणार. तोवर तिला जगवणारा उरला तर!

त्यातही मेख आहे. व्हिंटेज ठरायला गाडी मूळ रूपात हवी, सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको, आणि ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. वाड्याच्या गॅरेजात कापडाखाली झाकून ठेवलेली गाडी वारसा ठरते. जिच्यात मिस्तरीने पोटासाठी दुसऱ्या गाडीचं इंजिन घालून चाळीस वर्षं बाजार केला, ती ठरत नाही. या देशात गाडीचा जो खरा इतिहास आहे, जोडाजोडीचा, तोच नियमाने बाद केला आहे.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे घेणारा घोड्याचे ओठ उचलून दात बघतो, वय समजून घेतो. पण त्यावर सौदा होत नाही. घोडा पळवून बघितल्याशिवाय, त्याची चाल, त्याचा दम बघितल्याशिवाय कुणी पैसे मोजत नाही. दात बघून घोडा नाकारणाऱ्याला तिथे कुणी जाणकार म्हणणार नाही. आपली पासिंगची पद्धत मात्र मोठा भर दातांवरच देते.

धुराचा मुद्दा मी टाळत नाही. जुन्या फियाटला धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, तिचा धूर नव्या गाडीपेक्षा वाईट, आणि धुळ्याच्या देवपुरातल्या दम्याच्या पेशंटने माझ्या आठवणींसाठी तो का सोसावा? सोसू नये. म्हणून धूर मोजा, ब्रेक तपासा, प्रामाणिक यंत्रावर तपासा, चिरीमिरीवर नको. नापास झाली तर माझी फियाटही भंगारात घाला, मी तक्रार करणार नाही. पण पुतण्याची गाडी धुराच्या परीक्षेत आजही पहिल्या झटक्यात पास होईल, आणि तरी ती भंगारात जाणार आहे, एका डब्यासाठी. त्या पोलादाचा, काचेचा, रबराचा हिशेब पर्यावरणाच्या कुठल्या रकान्यात धरायचा?

एक गाडी जपून ठेवा, अशी मागणी मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी केली होती. मला ती कमी वाटते. संग्रहालयात ठेवलेल्या फियाटचं बॉनेट कोण उघडणार? मी मागेन ते वेगळं. आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, तिथे या सत्तरीच्या माणसांना आठवड्यातून दोन दिवस मानधन देऊन बोलवा. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही म्हणून शिपाई त्यांना फाटकातून आत सोडणार नाही, हे मला माहीत आहे. तो नियम बदला. पोरांना संगणकावरची तपासणी शिकवाच, पण बंद पडलेल्या गोष्टीकडे बघून ही कशी उभी राहील असा विचार कसा करायचा, हे त्या माणसांकडून शिकू द्या.

आमच्या मिस्तरीकडे एक वही आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाची चोपडी असते तशी, ऑइलने काळी पडलेली. तिच्यात त्याने तीसेक वर्षं लिहून ठेवलं आहे की फियाटचा कुठला भाग मिळेनासा झाला तर त्याऐवजी कुठल्या गाडीचा बसतो. अमक्या टेम्पोचं ऑइल सील तसंच बसतं. तमक्या जीपचा बुश बाहेरून एक सूत घासावा लागतो. वॉटर पंपापुढे तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं आहे. काही पानांवर नुसती चित्रं, मापं इंचात. मी ती वही बघायला मागितली तेव्हा त्याने आधी माझे हात बघितले, स्वच्छ आहेत का म्हणून. त्याचा मुलगा मोबाइलचं दुकान चालवतो, त्याला यात रस नाही. मी म्हटलं, ही वही छापायला पाहिजे, निदान दोन-चार प्रती तरी असाव्यात. तो थोडा वेळ बोलला नाही. मग हात पुसत म्हणाला, "झेरॉक्स काढी ल्या भाऊ. वही मातर आठेच ऱ्हावू द्या."